विदेशी पेला, देशी मडके

आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पान उलटायचे असेल त्यांना ते उलटता येईल. मी बियर पितो. लपून पीत नाही. बायको, मुलगी आणि ऐंशी ओलांडलेले वडील यांना बरोबर घेऊन, दिवसाढवळ्या, टेबलाशी बसून पितो. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा आम्ही सकाळच्या गाडीने कर्जतहून घाट चढतो, पुण्याला जातो, आणि जिथे बियर तयार होते त्याच जागी बसून ती चाखतो. चकली-अनारशांच्या शेजारी हा विषय कुणाला विटाळासारखा वाटेल. वाटो! ज्या घरात लक्ष्मीपूजनाच्या रात्री गच्चीवर काय चालते हे सर्वांना ठाऊक असून त्याबद्दल कुणीच बोलत नाही, त्या घरातच हा लेख आधी वाचला जावा अशी माझी इच्छा आहे.

चाखणे आणि ढोसणे या दोन क्रिया अगदी निराळ्या आहेत. २००९ साली पुण्यात 'डूलाली' सुरू झाली आणि आपल्याकडे लहान प्रमाणावर, ताजी, निरनिराळ्या चवींची बियर करण्याचा व्यवसाय रुजू लागला. (नाव गोऱ्या सोजिरांच्या बोलीतले. देवळालीच्या छावणीत बोटीची वाट पाहून पाहून डोके फिरलेल्या शिपायाला ते डूलाली म्हणत. आपलेच गाव विलायतेला जाऊन परत आले ते असे!) अशा ठिकाणी चार-पाच चिमुकले पेले ओळीने पुढे मांडतात. फिकटापासून गडदाकडे जावयाचे. गव्हाच्या बियरला पिकल्या केळ्याचा आणि किंचित लवंगेचा वास येतो. वडिलांनी पहिल्याच भेटीत विचारले, "अरे, केळे केव्हा घालतात यात?" केळे नसतेच, ती सारी यीस्टची करामत. गडद बियरमध्ये कॉफीचा थेंब नसतो, भाजलेल्या जवाचा तो वास. आमच्या सौभाग्यवतींनी दोन घोट घेऊन निकाल दिला, "अहो, ही पोळी तव्यावर जरा जास्त राहिलीय." आणि वडील, ज्यांची सारी हयात कर्जतला घाट चढवणाऱ्या मागच्या इंजिनांवर गेली, ते आंबट बियर जिभेवर घोळवीत म्हणाले, "ही तर माझ्या आईची नाचणीची आंबील!" मुलगी एकोणीस वर्षांची. बियरलासुद्धा कायद्याने एकवीस पुरी व्हावी लागतात, म्हणून तिच्यापुढे कोकम सरबत. पण सगळ्यांत अधिक प्रश्न तीच विचारते. जव भिजवून मोड का आणतात, हॉप्सची फुले कडवटपणाखेरीज आणखी काय देतात, टाकीतले तापमान दोन अंशांनी चढले तर काय बिघडते. तो तरुण ब्रूअर हात पुसत येतो आणि सांगत बसतो. आपण काय पितो, ते कुणी केले, त्यात किती मद्यार्क आहे, हे सारे कळते. घरची माणसे समोर असतात. चौथा पेला मागवताना हात आपोआप अडतो.

आता घाटाखाली या. शनिवारी दुपारी कर्जत-खालापूरच्या रस्त्यांना मुंबईच्या मोटारींची रांग लागते. फार्महाऊसच्या फाटकातून खोके आत जातात आणि मध्यरात्रीपर्यंत कर्णे ओरडत राहतात. रविवारी सकाळी बाटल्यांचा खच ओढ्यात. पावसाळ्यात धबधब्यांवर दरवर्षी बंदीहुकूम काढावा लागतो, तरी कुणाचा ना कुणाचा मुलगा वाहून गेल्याची बातमी येतेच. हे लोक घरी मात्र 'आम्ही नाही बुवा त्यातले' म्हणतात. घरच्यांपासून पन्नास मैल दूर येऊन प्यावयाचे असल्यावर निराळे काय होणार?

परंतु या मंडळींशी माझे भांडण किरकोळ. खरे भांडण आहे ते पुण्यातला माझा पेला आणि आमच्या डोंगरातल्या वाडीतले मडके यांच्यात कायद्याने जे अंतर घातले आहे त्याच्याशी.

फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले टपटप गळतात. ठाकूर आणि कातकरी बायापोरे ती वेचतात, वाळवतात. उपासमारीच्या दिवसांत ती उकडून, भाजून खातात. आणि सणासुदीला, लग्नाला, मयताला त्यांची दारू गाळतात. कात करणारे म्हणून ते कातकरी. १८७८ च्या जंगल कायद्याने त्यांच्या हातचा खैर गेला आणि १८९२ मध्ये इंग्रजांनी ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी खास कायदा करून मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध घातले. मद्यपानाची घृणा म्हणून? छे! याच कुलाबा जिल्ह्यात उरणच्या भट्ट्यांतून मोहाचीच दारू गाळली जात होती आणि सरकार तिच्यावर कर घेत होते. गुन्हा दारूचा नव्हता, कर न देण्याचा होता. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तेच निर्बंध पुढे चालवले. फुलांवरची बंधने सैल व्हायला २०२१ साल उजाडावे लागले. फूल सुटले, मडके अजून आरोपीच आहे.

शब्दांची गंमत पाहा. पुण्याच्या पोराने पुण्याच्या पाण्यात केलेली बियर सरकारदप्तरी 'विदेशी मद्य'. साखर कारखान्याच्या मळीतून मद्यार्क काढून बाटल्यांत भरतात ती 'देशी'. आणि ज्या झाडाखाली वाडी वसली त्याच्या फुलांची असेल ती चोरटी! एका दिवसाचा परवाना विदेशीला ५ रुपये, देशीला २ रुपये. मडक्यातलीला परवानाच नाही.

कुणी म्हणेल, बियर आंबवलेली असते, मोहाची ऊर्ध्वपातित. ती कडक, तिची तुलना कशी? खरे आहे. पहिल्या धारेची घोटभरसुद्धा जपून घ्यावी लागते. परंतु विलायती व्हिस्कीही ऊर्ध्वपातितच असते, तिचे दुकान मात्र मुख्य रस्त्यावर असते. दुसरा आक्षेप विषबाधेचा. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे मेली ती मोहाने नव्हे, कारखान्यातल्या मिथेनॉलने. चोरून, घाईने धंदा करावयाचा असला की फूल मागे पडते आणि काळा गूळ, नवसागर पुढे येतो. उजेडात गाळणाऱ्याला फुले कुजू देण्याचीही भीती असते, कारण गिऱ्हाईक त्याचा शेजारी असतो.

तिसरा आक्षेप मात्र मी डोके लववून ऐकतो. दारूने वाड्या नासल्या आहेत. वीटभट्टीच्या मालकाने दिलेली उचल कुठे जिरते हे कातकरी बाईइतके कुणाला ठाऊक नाही. गावातल्या स्त्रियांनी मतदान करून बाटली आडवी केली तर मी त्यांच्या बाजूचा आहे. पण ती आडवी होणारी बाटली कोणती? सरकारी शिक्क्याची, कारखान्यातून आलेली! तिच्यातून महसूल मिळतो, म्हणून ती उभी राहते. मडक्यातून काही मिळत नाही, म्हणून ते फुटते.

गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले आणि पुढे तिला वारशाचे पेय ठरवले. मध्य प्रदेशाने आदिवासी बचतगटांना मोहाची दारू गाळून विकण्याची वाट करून दिली. आमच्या राज्याला एवढेही सुचू नये? वाडीच्या ग्रामसभेने ठरवावे, बायकांचा होकार घ्यावा, फुलांचीच दारू, मोजकी, तपासलेली. परवान्याची फी माझ्या बियरच्या एका पेल्याहून अधिक नसावी.

त्या ब्रूअरने गेल्या खेपेला मला विचारले, मोहाची फुले मिळाली तर बियरमध्ये घालून पाहीन म्हणतो, किलोला काय पडतील? कर्जत स्टेशनाबाहेर करवंदे आणि रानभाज्या घेऊन बसणाऱ्या कातकरीण बाईंना मी भाव विचारला. कशाला हवीत, ते सांगितले. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या. "त्यांना धरत न्हाईत?" म्हणाल्या. मी त्यांना परवान्याची भानगड समजावू लागलो, पण त्यांची नेरळकडची गाडी आली होती, त्या पाटी उचलून निघाल्या.