मोडी आधी हाताने शिकावी

करजगीच्या आणि आसपासच्या जुन्या मराठी घरांतून वतनाचे, वाटणीचे, देण्याघेण्याचे मोडी कागद अद्यापही ट्रंकांच्या तळाशी पडून आहेत. ते वाचणारी पिढी संपत आली. यावर आपल्यातील सुशिक्षितांनी काढलेला तोडगा असा की, कागदांची छायाचित्रे घ्यावीत, मुळाक्षरांचा तक्ता भिंतीवर लावावा आणि तरुणांनी तो पाहून पाहून लिपी ओळखावी. हा तोडगा सोयीचा खरा. पण ज्या समजुतीवर तो उभा आहे, ती समजूतच चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डोळा आधी पाहतो आणि हात मागाहून काम करतो, ही ती समजूत. हॅरोल्ड बेकरिंग आणि सेबास्तियान नेगर्स यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग वेगळेच सांगतो. अनेक वस्तूंतून ठरावीक रंगाची आणि ठरावीक दिशेने कललेली वस्तू शोधायची. कधी तिच्याकडे नुसते बोट दाखवायचे, कधी ती हाताने धरायची. धरायची असताना चुकीच्या दिशेने कललेल्या वस्तूंकडे नजर कमी वेळा गेली. रंगाच्या चुका मात्र दोन्ही वेळी सारख्याच राहिल्या. धरण्यासाठी मनगट वळवावे लागते, म्हणून वस्तूचा कल महत्त्वाचा. रंगाचा पकडीशी संबंध नाही. हाताचा नुसता बेतच नजरेची निवड ठरवीत होता.

हाताच्या इच्छेने वस्तूचे रूपच पालटते, असा याचा अर्थ नव्हे. तसले मोठे दावे झाले आणि त्यांवर सडकून टीकाही झाली. परंतु समोरच्या पसाऱ्यातून डोळा काय वेचतो, हे आपण काय करायला निघालो यावरही अवलंबून असते, एवढे मान्य करावेच लागेल.

आता मोडीचा विचार करा. शिरोरेघ आधी ओळभर ओढायची आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचे. दोन शब्दांत अंतर सोडायचे नाही. अशा ओळीत अक्षर ही सुटी आकृती नसते, ती हाताची चाल असते. ज्याच्या हाताला ती चाल ठाऊक नाही, त्याला एक अक्षर कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले, हे दिसावे कसे? तक्ता मुखोद्गत असलेला तरुण प्रत्यक्ष कागदापुढे अडतो, तो बुद्धी कमी म्हणून नव्हे.

कोणी म्हणेल, मग अक्षरे गिरवून घेऊ. तेवढ्यानेही भागेल असे वाटत नाही. कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वाचू न लागलेल्या ५ वर्षांच्या मुलांनी अक्षर स्वतःच्या हाताने लिहिल्यावर, ते पाहताना मेंदूतील वाचनाशी निगडित भाग जागे झाले. गिरवल्याने वा कळ दाबून उमटवल्याने तसे झाले नाही. ती अक्षरे रोमन होती, हे खरे. पण मोडीसारख्या वाहत्या लिपीला हा धडा अधिकच लागू पडावा.

म्हणून मंडळास आग्रहाची विनंती आहे. छायाचित्रे अवश्य घ्यावीत. कागद जपलेच पाहिजेत. पण वाचनवर्गात पहिला महिना तक्ता गुंडाळून ठेवावा आणि प्रत्येकाच्या हाती बोरू द्यावा. स्वतःचे नाव, गावाचे नाव, घरचा हिशेब रोज मोडीत लिहू द्यावा. अक्षराचे वळण एकदा हाताला लागले, की पणजोबांचा कागद उलगडून पाहावा. तेव्हाच तो वाचता येण्याची आशा आहे.