स्नॉर्केलच्या आधी फिल्टरची नळी पाहा



पावसाळा तोंडावर आला की गाडीची काळजी कशी घ्यावी यावर सगळीकडे मजकूर येतो. टायर, वायपर, ब्रेक, दिवे असे सगळे त्यात असते. डिझेल फिल्टरच्या तळाशी असलेल्या, पाणी काढायच्या नळीबद्दल मात्र अवाक्षर नसते. हुबळी-धारवाडातून हल्याळ, दांडेली, जोयडा, अनमोडच्या वाटांना लागणाऱ्या थार, बोलेरो आणि जुन्या जीपचे इंजिन वाचवायचे असेल, तर सुरुवात या नळीपासूनच करायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे धास्ती असते ती ओढ्याची, आणि ती रास्तच आहे. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून हौशी मंडळी स्नॉर्केल बसवतात. पण स्नॉर्केल फक्त हवा घेण्याची जागा उंचावते. टाकीत आधीच साचलेल्या पाण्यावर तिचा काहीही इलाज चालत नाही, आणि हे पाणी ओढा न ओलांडताही शिरते. अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी दमट हवेत रात्रभर उभी राहिली की टाकीच्या आतल्या पत्र्यावर थेंब धरतात. कुंदगोळ-नवलगुंदकडे ट्रॅक्टरसाठी भरून ठेवलेली डिझेलची पिंपे उघड्यावर उभी असतात. त्यांच्या तोंडाभोवती पावसाचे पाणी साचते आणि पिंप गार होताना ते बुचातून आत ओढले जाते आणि डिझेलबरोबर टाकीत येते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते, आणि इंजिनाकडे जाणारी नळी डिझेल उचलते तेही तळाजवळूनच.

“थेंबभर पाण्याने काय बिघडते?” असे विचारणारे पुष्कळ आहेत. बीएस-६ डिझेलच्या भारतीय मानकानुसार एका किलोत जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम पाणी चालते. म्हणजे ५० लिटरच्या टाकीमागे जेमतेम दोन चहाचे चमचे. मर्यादा इतकी कडक आहे कारण आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल १६०० बार आणि त्याहूनही जास्त दाबाने नोझलमधून फवारले जाते. गाडीच्या टायरमध्ये हवा असते दोन-सव्वादोन बार! एवढ्या दाबाखाली पंपाच्या भागांना वंगण मिळते ते डिझेलचेच. तिथे पाणी आले की वंगण तुटते, गंज धरतो, नोझलच्या टोकाशी पाण्याची वाफ होऊन टोक फुटू शकते. जुन्या जीपचे नोझल मिस्त्री खोलून, साफ करून पुन्हा बसवायचा. नव्या गाडीत बहुधा पंप आणि नोझल दोन्ही बदलावे लागतात. म्हणून “आमच्या जीपला कधी काही झाले नाही” हा दाखला आता उपयोगाचा नाही.

उपाय मात्र साधा आहे. इंजिन बंद करून फिल्टरखाली काचेची बाटली धरा आणि तळाच्या नळीची चावी सैल करा. बाटली थोडा वेळ हलवू नका. पाणी असेल तर पिवळसर डिझेलखाली त्याची रेघ स्पष्ट दिसते. नितळ डिझेल येईपर्यंत काढा, चावी घट्ट करा, हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबून हवा काढा. पावसाळ्यात हे आठवड्याला एकदा करावे. मुक्कामाला पोहोचताच टाकी भरून ठेवावी. डॅशबोर्डवर पाण्याचा इशारा देणारा दिवा लागला, तर “गावात पोहोचल्यावर बघू” म्हणू नये.

ओढ्याबद्दलही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. थारला कंपनीने ६५० मिलिमीटर पाण्याची मर्यादा दिली आहे, पण बेण्णीहळ्ळाच्या ओढ्याला पूर आल्यावर गढूळ पाण्याखालचा खड्डा कुणाला दिसतो? पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका, टोचन करून बाहेर काढा. ऑइल दुधाळ दिसले तर ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

माझ्या दोन मागण्या आहेत. जमिनीखालच्या टाकीत दांडीला पाणी ओळखणारी पेस्ट लावून तपासणी करणे हे पंपचालकाचे कामच आहे. त्या तपासणीचा निकाल पावसाळ्यात रोज ग्राहकाला दिसेल असा फलकावर लिहावा. एका पंपावर मी ही तपासणी दाखवा म्हटले, तेव्हा मलाच उलट प्रश्न विचारण्यात आले. हे बदलले पाहिजे. दुसरे म्हणजे, गाडी ताब्यात देताना एजन्सीने पाणी काढायची नळी मालकाला हाताने उघडून दाखवावी. दोन्ही गोष्टींना खर्च जवळपास नाही. जिल्हा प्रशासन आणि तेल कंपन्यांनी पहिल्या पावसाआधी हे करून घ्यावे.

— एक वाहनचालक, धारवाड