जंतू दुबळा करणे हा अपराध नव्हे

‘जनुक-संपादित जीवाणू’ हे शब्द कानावर पडताच आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक म्हणते, प्रयोगशाळेतून नवा राक्षस सुटणार. दुसरी म्हणते, कोंबड्यांचे रोग आता इतिहासजमा होणार. दोन्ही आळशी आहेत. पण पहिली अधिक महाग पडते, कारण तिच्या आडोशाला एक जुनी घातक सवय निर्धास्त नांदते.

ती सवय प्रतिजैविकांची. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात कुक्कुटवर्गीय पक्षी ८५ कोटींहून अधिक आहेत. दाटीवाटीच्या शेडमध्ये रोग शिरू नये म्हणून निरोगी पक्ष्यांनाही औषध चारण्याची प्रथा रुजली. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरच्या फळीतले औषध. तेही कोंबडीच्या खाद्यात जात होते. त्याला निष्प्रभ करणारे आणि एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे एमसीआर-१ हे जनुक चीनमध्ये सापडल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. बंदी योग्यच होती. पण औषध काढून घेतल्यावर पक्ष्याच्या रक्षणासाठी त्या जागी काय ठेवायचे, हा प्रश्न उरतोच.

त्याचे एक उत्तर लस. साल्मोनेलाविरुद्धच्या अनेक लशींत जिवंत पण दुबळा केलेला जीवाणूच असतो, हे राक्षसाची भीती घालणारे सांगत नाहीत. कोंबड्यांच्या टायफॉइडवरील ‘९आर’ हा प्रसिद्ध वाण १९५० च्या दशकातला. तेव्हा जनुक वाचण्याची सोय नव्हती. दुबळा दिसला तो निवडला, इतकेच. पुढे त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्याचे दुबळेपण मोजक्या एकेका अक्षराच्या बदलांवर उभे असल्याचे दिसले. एक अक्षर पुन्हा पूर्ववत होऊ शकते. रोगट कळपांत या वाणाशी अतिशय मिळतेजुळते जीवाणू आढळल्याचीही नोंद आहे. आंधळेपणाने झालेला हा बदल आपण ‘नैसर्गिक’ म्हणून पोटात घालतो. आणि डोळे उघडे ठेवून केलेल्या बदलाला मात्र घाबरतो!

डोळस बदल कसा असतो, ते होइसेथ आणि स्टॉकर यांनी १९८१ मध्येच दाखवले. साल्मोनेलाला काही आवश्यक संयुगे बनवण्यासाठी ‘आरो-ए’ हे जनुक लागते. ते निकामी केले की ती संयुगे त्याला बाहेरून हवी असतात, आणि प्राण्याच्या शरीरात ती पुरेशी मिळत नाहीत. जीवाणू वाढू शकत नाही. प्रतिकारशक्तीला मात्र शत्रूचा चेहरा ओळखता येतो. क्रिस्परसारख्या साधनांनी आज असे जनुक समूळ काढता येते, तेही प्रतिजैविक-रोधाचे खूणजनुक मागे न ठेवता. गंमत अशी की क्रिस्पर हे मुळात जीवाणूंचेच विषाणूंविरुद्धचे हत्यार आहे.

आता नियमांकडे पाहा. २०२२ मध्ये केंद्राने परके जनुक नसलेल्या जनुक-संपादित वनस्पतींना १९८९ च्या नियमावलीतील काही कठोर तरतुदींतून सूट दिली. २०२५ मध्ये असे दोन भातवाण जाहीरही झाले. ही सूट वनस्पतींपुरतीच आहे. जीवाणूंना तीच सूट द्यावी, असे मी मुळीच म्हणत नाही. जीवाणू विष्ठेतून पसरतो, इतरांकडून जनुके उचलतो. भाताच्या रोपाची मोजपट्टी त्याला लागू पडत नाही. माझा आग्रह इतकाच की परीक्षा बदलाची व्हावी, हत्याराची नव्हे. एका जनुकावर विसंबू नका, परस्परांपासून दूर असलेली किमान दोन काढा. लस दिल्यावर जीवाणू किती दिवस विष्ठेत आणि शेडमधल्या तुसाच्या गादीत टिकतो, ते मोजा. पिढ्यान्‌पिढ्या वाढवून दुबळेपण टिकते का, ते तपासा आणि आकडे जनतेसमोर ठेवा. जुन्या वाणांनाही हीच कसोटी लावा.

आणि जादूच्या कांडीची वाट पाहणाऱ्यांनो, दुबळा जीवाणू म्हणजे घाणेरड्या शेडचा परवाना नव्हे. स्वच्छ पाणी, मोकळी हवा आणि पक्ष्याला पुरेशी जागा यांची बरोबरी कोणतीही लस करू शकत नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ‘हे नैसर्गिक आहे का?’ हा प्रश्न आता बाजूला ठेवावा. कोलिस्टिनचा रेणूही निसर्गातल्या जीवाणूनेच घडवला होता. त्याची माती आपण केली. विचारायचे ते हे: नेमके काय बदलले, ते परत फिरू शकते का आणि हे कोणी मोजले?