बगदादचा विजय आणि निनवेचे अश्रू

काही लढाया अशा असतात, की त्यांच्यामुळे इतिहासाचा प्रवाहच वळतो. इ. स. ३१२ मध्ये रोमजवळच्या मिल्व्हियन पुलापाशी सम्राट कॉन्स्टंटाइन विजयी झाला आणि पुढच्याच वर्षी ख्रिस्ती श्रद्धेला रोमन साम्राज्यात मोकळीक मिळाली. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडले आणि पूर्वेकडील रोमन साम्राज्य अस्तास गेले. आपल्या वसईचा किल्ला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने घेतला आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. अशा घटनांचा हिशेब मांडताना आपण कोण जिंकले आणि कोण हरले एवढेच पाहतो. परंतु जे लढले नाहीत, ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. २००३ च्या इराकवरील आक्रमणाकडे आम्ही याच दृष्टीने पाहू इच्छितो.

२० मार्च २००३ रोजी पहाटे अमेरिका, ब्रिटन आणि त्यांच्या मित्रराष्ट्रांनी इराकवर हल्ला चढविला. इराककडे महासंहारक शस्त्रांचा साठा आहे, हे त्याचे मुख्य कारण सांगण्यात आले. ९ एप्रिल रोजी बगदाद पडले आणि सद्दाम हुसेन यांचा पुतळा कोसळताना साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिला. १ मे रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी मोठ्या लढाया संपल्याचे जाहीर केले. अवघ्या सहा आठवड्यांत मिळालेला हा विजय लष्करीदृष्ट्या निर्विवाद होता. मात्र ज्या शस्त्रांसाठी युद्ध झाले, त्यांचे साठे सापडलेच नाहीत. अमेरिकेच्याच तपास पथकाने २००४ च्या अहवालात तसे नमूद केले. ब्रिटनच्या चिलकॉट समितीनेही २०१६ मध्ये निष्कर्ष काढला, की शांततेचे मार्ग पुरते चोखाळून पाहण्याआधीच युद्धाचा मार्ग धरण्यात आला.

पोपमहोदयांचा इशारा

हे युद्ध टळावे म्हणून पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्या परीने शर्थ केली. जानेवारी २००३ मध्ये विविध देशांच्या राजदूतांपुढे बोलताना, युद्ध हा मानवजातीचा नेहमीच पराभव असतो, असे त्यांनी बजावले. फेब्रुवारीत त्यांनी कार्डिनल एचेगारे यांना सद्दाम हुसेन यांच्याकडे पाठविले. ५ मार्च रोजी राखेचा बुधवार होता. त्या दिवशी जगभरच्या भाविकांनी शांतीसाठी उपवास आणि प्रार्थना करावी, असे आवाहन त्यांनी केले होते आणि त्याच दिवशी त्यांचे दूत कार्डिनल पिओ लागी वॉशिंग्टनमध्ये बुश यांना भेटले. १६ मार्चच्या रविवारी, आपण दुसरे महायुद्ध अनुभवलेल्या पिढीतले आहोत याचे स्मरण देऊन, वृद्ध पोपमहोदयांनी पुन्हा कळकळीची विनंती केली. चार दिवसांनी बॉम्बवर्षाव सुरू झाला.

त्या वेळी अनेकांनी त्यांना भोळे ठरविले. सद्दाम यांच्या क्रौर्याची त्यांना कल्पना नाही काय, असा प्रश्न विचारला गेला. ते क्रौर्य खरेच होते. १९८८ मध्ये हलब्जा येथे विषारी वायूने हजारो कुर्द मारले गेले. १९९० मध्ये कुवेत गिळंकृत करण्याचा प्रयत्न झाला. सद्दाम यांची राजवट संपल्याचे दुःख आम्हांलाही नाही. परंतु ख्रिस्तसभेची शिकवण एवढ्यावर थांबत नाही. न्याय्य संरक्षणासाठीही शस्त्र उचलायचे, तर इतर सारे उपाय निष्फळ ठरलेले असावेत, यशाची खरी शक्यता असावी आणि जे अरिष्ट दूर करायचे, त्याहून मोठे अरिष्ट ओढवू नये, अशा अटी कॅथोलिक श्रद्धाग्रंथात घातल्या आहेत. इराकमध्ये ही शेवटची अट किती शहाणपणाची आहे, हे पुढील वर्षांनी दाखवून दिले.

विजयानंतरची पडझड

मे २००३ मध्ये इराकच्या अमेरिकी प्रशासकांनी दोन आदेश काढले. एकाने बाथ पक्षाच्या वरिष्ठ सदस्यांना सरकारी सेवेतून दूर केले, तर दुसऱ्याने इराकी सैन्यच बरखास्त केले. लाखो माणसे एका फटक्यात बेकार आणि अपमानित झाली. त्यांना शस्त्रे चालविता येत होती, आणि ती शस्त्रे देशभर विखुरलेली होती. राज्यसंस्था कोसळली, की दुर्बळांचे छत्र आधी उडते. शिया आणि सुन्नी गटांमागे त्यांच्या सशस्त्र टोळ्या होत्या, कुर्दांचे स्वतःचे सैन्य होते. ख्रिस्ती लोकांमागे मात्र कोणीच नव्हते. शिवाय आक्रमक देश ख्रिस्ती मानले जात असल्यामुळे, त्यांचे हस्तक असल्याचा संशय या निरपराध लोकांवर आला.

१ ऑगस्ट २००४ रोजी बगदाद आणि मोसुलमधील चर्चवर एकाच दिवशी बॉम्बहल्ले झाले. ३ जून २००७ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मोसुलमध्ये मिस्सा आटोपून निघालेले तरुण धर्मगुरू फादर रगीद गन्नी आणि त्यांचे तीन उपदीक्षित यांना गोळ्या घालण्यात आल्या. २००८ च्या प्रायश्चित्तकाळात क्रूसाच्या वाटेची भक्ती संपवून बाहेर पडताना आर्चबिशप पॉलोस फराज राहो यांचे अपहरण झाले आणि दोन आठवड्यांनी त्यांचा मृतदेह मिळाला. ३१ ऑक्टोबर २०१० रोजी बगदादच्या अवर लेडी ऑफ साल्व्हेशन कॅथेड्रलमध्ये मिस्सा चालू असताना दोन धर्मगुरूंसह चाळीसहून अधिक भाविक मारले गेले.

या अराजकातच अल कायदाची इराकी शाखा वाढली आणि तिच्यातून पुढे 'इस्लामिक स्टेट' उभी राहिली. बरखास्त सैन्यातील काही अधिकारीही तिला येऊन मिळाले. १० जून २०१४ रोजी मोसुल पडले. ख्रिस्ती लोकांच्या घरांवर अरबी 'नून' हे अक्षर रंगविण्यात आले. नासरेथकराचे अनुयायी, असा त्याचा अर्थ. धर्मांतर, जिझिया, देशत्याग किंवा मृत्यू, एवढेच पर्याय त्यांच्यापुढे ठेवले गेले. ऑगस्टमध्ये निनवेच्या मैदानातील एक लाखाहून अधिक ख्रिस्ती एका रात्रीत अंगावरच्या कपड्यांनिशी एर्बिलकडे निघाले. त्याच दिवसांत सिंजारच्या यझिदी बांधवांवर याहूनही भीषण अत्याचार झाले. मोसुलमधील योना संदेष्ट्याची परंपरागत कबरही सुरुंगाने उडविण्यात आली.

२००३ पूर्वी इराकमध्ये बारा ते पंधरा लाख ख्रिस्ती होते, असा अंदाज आहे. आज ते अडीच लाखांहूनही कमी उरल्याचे मानले जाते. सातव्या शतकातील अरब आक्रमण या समाजाने सोसले. १२५८ मध्ये हुलागूने बगदाद धुळीस मिळविले, तरी हा समाज टिकला. मात्र स्वतःला ख्रिस्ती म्हणविणाऱ्या नेत्यांनी पुकारलेल्या युद्धानंतर अवघ्या दोन दशकांत त्याची वस्ती ओसरली. इतिहासाचा यापेक्षा कटू उपरोध कोणता?

आपले जुने नाते

हे सारे आपल्यापासून दूरचे वाटेल; पण तसे नाही. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस याने 'कल्लियाना' येथे पर्शियात दीक्षित झालेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. हे स्थळ म्हणजे आपले कल्याण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या ख्रिस्तसभेचे मुख्य पीठ आजच्या बगदादच्या जवळ, सेल्युशिया-टेसिफोन येथे होते. म्हणजे पोर्तुगीज येण्यापूर्वी जवळपास हजार वर्षे, तैग्रीस नदीकाठच्या श्रद्धेचा दिवा आपल्या किनाऱ्यावर तेवत होता. आज तेथील चर्च ओस पडतात, तेव्हा आपल्याच एका थोरल्या घराला कुलूप लागते.

मार्च २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस प्रकृतीची आणि सुरक्षेची पर्वा न करता इराकला गेले. नजफ येथे ते अयातुल्ला सिस्तानी यांना भेटले, अब्राहामाच्या ऊर नगरीत त्यांनी इतर धर्मीयांसह प्रार्थना केली आणि मोसुलच्या भग्न चर्चच्या चौकात मृतांचे स्मरण केले. कराकोश येथे, जळालेल्या आणि पुन्हा उभारलेल्या चर्चमध्ये, परतलेल्या कुटुंबांनी त्यांचे स्वागत केले. त्या कुटुंबांना कोणत्याही सेनापतीने परत आणले नव्हते. ती आपल्या श्रद्धेच्या आणि शेजारधर्माच्या बळावर परतली होती.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हाही झटपट विजयाचीच अपेक्षा केली गेली होती. आपल्याकडेही सीमेवर तणाव वाढला, की दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीवर युद्धाचा ज्वर चढतो. देशाचे रक्षण करणाऱ्या जवानांविषयी आपल्या मनात कृतज्ञता असलीच पाहिजे. पण युद्धाची हौस ही देशभक्ती नव्हे. असा एखादा संदेश पुढे पाठविण्यापूर्वी, ज्यांच्या घरावरून हे युद्ध जाणार आहे त्यांना कोणी विचारले आहे काय, असा प्रश्न आपण स्वतःला करावा. धर्मग्रामातील पवित्र माळेच्या प्रार्थनेत एक रहस्य इराकच्या उरलेल्या ख्रिस्ती बांधवांसाठी आणि यझिदी कुटुंबांसाठी अर्पण करावे, अशी आम्ही वाचकांना विनंती करतो. पुनरुत्थित प्रभूने भयभीत शिष्यांना पहिले दान दिले ते शांतीचे. त्याच्या अनुयायांकडून जगाने त्याहून वेगळे काही घेऊन जाऊ नये.