राऊटरमध्ये देश 'अमेरिका' केला की रेंज वाढते का?

मागच्या महिन्यात भोकरला घरी गेलो होतो. गल्लीतला एक दोस्त म्हणाला, "भाऊ, राऊटरच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका केला, रेंज डबल झाली बघ." ही ट्रिक सांगणारं एखादं रील तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. मी मागच्या खोलीत स्पीड टेस्ट लावली. मग देश परत भारत करून पुन्हा लावली. फरक शून्य.

असं का? 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे जानेवारी 2005 मध्येच लायसन्समुक्त झाला. ट्रान्समीटरची ताकद 1 वॅट, अँटेनासकट 4 वॅट, ही त्याची मर्यादा. अमेरिकेची मर्यादाही साधारण एवढीच. घरगुती राऊटर तर तिच्या बराच खाली चालतो. शिवाय राऊटर कितीही ओरडला तरी उत्तर तुमच्या फोनला द्यायचंय, आणि फोनचा आवाज आहे तेवढाच राहतो. काड्या दिसतात, व्हिडिओ फिरतच राहतो.

खरी गडबड 5 गिगाहर्ट्झमध्ये आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये दूरसंचार विभागाने इथला 605 मेगाहर्ट्झचा पट्टा खुला केला, पण अट घालून: तुम्ही कुणाला अडथळा आणायचा नाही, आणि तुम्हाला अडथळा आला तर तक्रार करायची नाही. या पट्ट्यात आधीपासून राहणारे भाडेकरू आहेत. त्यातला महत्त्वाचा म्हणजे सी-बँडचा हवामान रडार, 5.6 गिगाहर्ट्झच्या आसपास. मुंबईत वेरावलीला जानेवारी 2022 मध्ये सुरू झालेला रडार याच जातीचा. 2015 च्या दुष्काळात कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) बसवला होता तोही सी-बँडच.

ढगावर आपटून परत येणारा सिग्नल फार क्षीण असतो. त्याच चॅनलवर गच्चीवरची एखादी वायफाय डिश चालू असेल, तर रडारच्या चित्रात त्या दिशेला सरळ पट्टा उमटतो. तिथे पाऊस आहे की नाही, कळत नाही. आपल्याकडे वीज पडून माणसं आणि जनावरं मरतात, सोयाबीन काढायचं की थांबायचं हे मोबाईलवरचा अंदाज बघून ठरतं, म्हणून हे मला किरकोळ वाटत नाही. अमेरिकेत पोर्तो रिकोमधल्या सॅन हुआन विमानतळाच्या रडारला असाच त्रास झाला होता आणि वायरलेस इंटरनेट देणाऱ्यांना दंड झाले.

यावर उपाय राऊटरच्या आतच असतो. अशा चॅनलवर जाण्याआधी तो किमान एक मिनिट नुसतं ऐकतो. रडार दिसला की 10 सेकंदांत चॅनल सोडतो आणि अर्धा तास तिकडे फिरकत नाही. हे ऐकणं कोणत्या चॅनलवर करायचं, हे तो देशाच्या सेटिंगवरून ठरवतो. म्हणजे ते खानं घड्याळाच्या टाइमझोनसारखं नाही.

कंपन्याही यातून सुटत नाहीत. 2016 मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने टीपी-लिंककडून 2 लाख डॉलर वसूल केले. कारण हेच: ग्राहकाला देश बदलून ठरलेल्या ताकदीच्या वर जाता येत होतं. त्याच तडजोडीत ओपन सोर्स फर्मवेअरला मदत करायचंही कंपनीने कबूल केलं. मला हे बरोबर वाटतं. रेडिओला कुलूप हवं, सगळ्या राऊटरला नको.

आता नवा मोह 6 गिगाहर्ट्झचा. मे 2025 मध्ये सरकारने 5925 ते 6425 मेगाहर्ट्झ खुला करायचा मसुदा काढला: घरात कमी ताकदीने, बाहेर अगदीच कमी. परदेशी देश निवडला तर राऊटर यापलीकडचे चॅनलही उघडू शकतो, आणि ते इथे वायफायसाठी नाहीत.

दोस्ताचा राऊटर लोखंडी कपाटामागे होता. तो काढून उंच फळीवर ठेवला, तेव्हा मागच्या खोलीत स्पीड आला. त्याच्या गच्चीवर नेटवाल्याने बसवलेली डिश मात्र 'टेस्ट' मोडवर निघाली, म्हणजे रडार ऐकणं बंद. नेटवाल्याला फोन लावला. "बघतो दादा," म्हणाला. मी पुण्याला परत आलो तेव्हा अजून बघायचं होतं.