मताची खातरजमा

पराभूत उमेदवाराचीही खात्री पटावी, हीच निवडणुकीच्या निकालाची खरी कसोटी होय. १९८२ साली केरळातील परवूर येथे मतदानयंत्राचा प्रथम उपयोग झाला, तेव्हा कायद्यात तशी तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने यंत्र वापरलेल्या केंद्रांवर फेरमतदानाचा हुकूम दिला. पुढे कायदा बदलला, आणि २०१३ पासून यंत्राला कागदी चिठ्ठीची जोड मिळाली: बटण दाबताच उमेदवाराचे नाव व चिन्ह काचेआड सात सेकंद दिसते आणि चिठ्ठी मोहोरबंद पेटीत पडते.

परंतु दस्तऐवज तयार करणे निराळे आणि तो मोजून पाहणे निराळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशान्वये विधानसभेच्या दर मतदारसंघातील पाच केंद्रांच्याच चिठ्ठ्या यंत्रातील आकड्यांशी ताडल्या जातात. सर्वच चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी न्यायालयाने २०२४ च्या एप्रिलात फेटाळली, मात्र दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तर २००९ मध्येच असा दंडक घातला, की तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही मतदान व मोजणीचे मुख्य टप्पे तपासता आले पाहिजेत.

पुराव्यावाचून फेरफाराची फिर्याद करणे जितके बेजबाबदारपणाचे, तितकेच शंका घेणाऱ्याला लोकशाहीचा वैरी ठरविणेही अनुचित होय. आमच्या मते पाच हा ठरीव आकडा सोडून, जेथे विजयाचे मताधिक्य अल्प तेथे अधिक चिठ्ठ्या मोजण्याची तजवीज निवडणूक आयोगाने करावी; त्यासाठी लागणारा वेळ निकालावरील विश्वासाच्या मानाने क्षुल्लकच आहे.