औषध की प्रसाधन? नोटीस येण्यापूर्वीच द्यावयाचे उत्तर

वस्तू व सेवा कराच्या मागणी नोटिशा हा केवळ मोठ्या कारखानदारांचा विषय राहिलेला नाही. नाशिकच्या गंगापूर रोडवर चिकित्सालयाला लागूनच छोटी फार्मसी चालविणारा वैद्य असो, वा स्वतःच्या परवान्यावर तेले, लेप व मलमे सिद्ध करणारा उत्पादक असो, त्याच्यापुढे एक प्रश्न कायम उभा असतो. आपण जे औषध म्हणून देतो, ते कर खात्याच्या लेखी औषध आहे की सौंदर्यप्रसाधन? नोटीस हाती पडल्यानंतरच या प्रश्नाचा विचार करण्याची आपली रीत यापुढे परवडणारी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम दरांचा विचार करू. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदिक औषधांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. केशतेल, शॅम्पू आणि दंतमंजन हेही ५ टक्क्यांत आल्याने त्यांच्याबाबतचा वाद यापुढच्या काळापुरता बव्हंशी मिटला. परंतु त्वचेच्या निगेची प्रसाधने मात्र सामान्यतः १८ टक्क्यांतच राहिली. म्हणजे औषधी क्रीम व साधे क्रीम यांच्या करात पूर्वी ६ टक्क्यांचे अंतर होते, ते आता १३ टक्के झाले. वर्षाला १० लाख रुपयांचे क्रीम विकणाऱ्या उत्पादकास हा फरक पूर्वी ६० हजारांचा होता, आता तो १ लाख ३० हजारांचा आहे. त्यावर वार्षिक १८ टक्के व्याज आणि माहिती दडविल्याचा आरोप सिद्ध झाल्यास करा इतकाच दंड. दरकपातीचे स्वागत करताना वादाचे मोल दुपटीहून अधिक वाढले, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

हा वाद नवा नाही आणि त्याची जन्मभूमीही फार दूर नाही. केंद्रीय उत्पादन शुल्काच्या काळात नागपूर येथील दोन प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाबाबत १९९५ मध्ये, आणि कायद्यातील बदलानंतर पुन्हा २००९ मध्ये, न्यायालयाने ते औषध नव्हे असे ठरविले. सामान्य ग्राहक त्या वस्तूकडे औषध म्हणून पाहतो की रोजच्या दंतस्वच्छतेचे साधन म्हणून, ही कसोटी तेथे निर्णायक ठरली. याउलट पुमा आयुर्वेदिक हर्बलच्या प्रकरणात २००६ मध्ये निकाल उत्पादकाच्या बाजूने लागला. घटकद्रव्यांचा अधिकृत आयुर्वेदीय ग्रंथांत उल्लेख आहे काय आणि लोकव्यवहारात ती वस्तू औषध मानली जाते काय, या दोन कसोट्या तेथे लावल्या गेल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळते एवढ्यावरून औषधाचे औषधपण जात नाही, हेही मान्य झाले. हे निकाल जुन्या कायद्याखालील असले तरी आजच्या वादातही युक्तिवाद याच कसोट्यांभोवती फिरतो.

येथे शासनाच्या जबाबदारीविषयी बोलणे भाग आहे. करदर-सूचीतील शीर्ष ३३०४ मध्ये त्वचेच्या निगेची द्रव्ये येतात, पण त्यातून औषधे वगळलेली आहेत. दुसरीकडे औषधांच्या प्रकरण ३० मधून शीर्ष ३३०३ ते ३३०७ खालील द्रव्ये, त्यांत रोगनिवारक गुण असले तरी, वगळलेली आहेत. दोन तरतुदी एकमेकींकडे बोट दाखवितात आणि मध्ये उत्पादक सापडतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये अन्न व औषध प्रशासनाने ज्याला आयुर्वेदिक औषधाचा परवाना दिला, त्याच द्रव्याला दुसऱ्या खात्याने प्रसाधन म्हणावे, ही विसंगती आहे. परवाना असल्यास ते द्रव्य औषध असल्याचे प्रथमदर्शनी गृहीत धरावे आणि अन्यथा सिद्ध करण्याचा भार खात्यावर असावा, एवढा खुलासा परिपत्रकाने व्हावयास हवा. आम्ही यात सवलत मागत नाही. व्यवसाय करण्यासाठी लागणारी निश्चिती मागतो.

तथापि आपली बाजूही स्वच्छ हवी. परवान्याच्या अर्जात व्यंग, न्यच्छ, युवानपिडका यांचा उल्लेख करावयाचा आणि वेष्टनावर उजळ कांती व तारुण्याची जाहिरात करावयाची, ही दुटप्पी नीती न्यायालयात टिकणार नाही. लोकव्यवहाराची कसोटी लागते तेव्हा आपली जाहिरातच आपल्याविरुद्ध साक्ष देते. जे औषध आहे त्याच्या वेष्टनावर व्याधी, मात्रा, वापराची पद्धती व कालमर्यादा, घटकद्रव्ये आणि ग्रंथाधार ठळक असावेत. जे प्रसाधन म्हणूनच विकावयाचे आहे, त्यावर प्रसाधनाचाच कर भरावा.

हीच गोष्ट पंचकर्माची. अधिकृत वैद्याने रुग्णावर केलेली चिकित्सा करमुक्त आहे, निव्वळ आरामासाठी केलेले अभ्यंग करपात्र आहे. दोहोंतील भेद केसपेपरवरील निदान आणि चिकित्सासूत्रानेच दाखविता येतो. शिवाय सल्लाशुल्क करमुक्त असले तरी नोंदणीची मर्यादा मोजताना ते एकूण उलाढालीत धरले जाते. सल्ला व औषधे दोन्ही देणाऱ्या वैद्यास ही मर्यादा २० लाखांची आहे. केवळ वस्तू विकणाऱ्याची ४० लाखांची मर्यादा त्यास लागू होत नाही.

इतके करूनही नोटीस आलीच, तर उपेक्षा हे सर्वांत मोठे अपथ्य होय. नोटिशा पोर्टलवर टाकल्या जातात. टपालाची वाट पाहणाऱ्यास कित्येकदा थेट आदेशच दिसतो. म्हणून आठवड्यातून एकदा पोर्टल पाहावे, तेही केवळ कर सल्लागारावर सोपवून न देता. उत्तरासोबत परवाना, मंजूर सूत्र, ग्रंथातील उतारा व वेष्टनाचा नमुना जोडावा आणि सुनावणीची मागणी लेखी करावी. प्रतिकूल निर्णयापूर्वी सुनावणी देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि आदेशातील रक्कम नोटिशीतील रकमेहून अधिक असू शकत नाही. आदेश मिळाल्यापासून तीन महिन्यांत अपील करावे लागते. विलंबास पुरेसे कारण असल्यास आणखी एकच महिना मिळू शकतो. त्यासाठी वादग्रस्त कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. मुदत गेली की बाजू कितीही बळकट असली तरी ती ऐकण्यास कोणी उरत नाही.

एकट्या छोट्या फार्मसीला हा लढा झेपणारा नाही. वकिलाचे शुल्क कित्येकदा मागणीच्या रकमेएवढे होते आणि मग चूक नसताही कर भरून मोकळे होण्याकडे कल होतो. अशी प्रत्येक शरणागती खात्याचा समज दृढ करते आणि पुढच्या व्यावसायिकाची वाट अधिक बिकट करते. म्हणून आपल्या संघटनेने सभासदांकडे आलेल्या वर्गीकरणविषयक नोटिशा, उत्तरे व आदेश एकत्र जमवावेत, सामायिक उत्तराचा मसुदा तयार करावा आणि राज्याच्या अर्थखात्यामार्फत वस्तू व सेवा कर परिषदेकडे खुलाशाची मागणी लावून धरावी. सभासदांनीही नोटीस आली हे लपवू नये. नोटीस म्हणजे गुन्ह्याचा शिक्का नव्हे, ती उत्तर देण्याची संधी आहे. ते उत्तर आपल्या परवान्यात, वेष्टनावर आणि केसपेपरवर आजच लिहून ठेवावे, ही सर्व व्यवसायबंधूंना व भगिनींना आमची आग्रहाची विनंती आहे.